उपवासकाळाचे मर्म : आधी प्रेम, मग प्रायश्चित्त

१४ फेब्रुवारी २०१८ आणि १४ फेब्रुवारी २०२४ या दोन्ही दिवशी एक विलक्षण योग जुळून आला होता. बाजारात लाल गुलाबांचा आणि भेटकार्डांचा हंगाम ऐन भरात होता आणि त्याच दिवशी जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये भाविकांच्या कपाळावर राखेचा क्रूस रेखला जात होता. ‘व्हॅलेंटाइन डे’ आणि ‘राखेचा बुधवार’ एकाच तारखेला आले होते. हा योग पुन्हा २०२९ मध्ये येणार आहे. एकीकडे प्रेमाचा उत्सव आणि दुसरीकडे मृत्यूची आठवण, एकीकडे मेजवानी आणि दुसरीकडे उपवास, अशी ही विसंगती अनेकांना गमतीची वाटली. मेजवानीसाठी उपवासातून सवलत मिळेल का, असाही प्रश्न विचारला गेला. अमेरिकेतील काही धर्मप्रांतांनी तर सवलत मिळणार नाही, प्रेमाचा दिवस हवा तर आदल्या दिवशी साजरा करावा, असे भाविकांना कळवले.

वास्तविक ज्या संत व्हॅलेंटाइनच्या नावाने हा दिवस ओळखला जातो, त्याचे नाव चर्चने १९६९ च्या सुधारणेत आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळले. आता १४ फेब्रुवारी हा संत सिरिल व संत मेथोडियस यांचा स्मृतिदिन आहे. तथापि या योगायोगाने उभा केलेला प्रश्न तारखेपुरता मर्यादित नाही. राख आणि प्रेम या खरोखरच परस्परविरोधी गोष्टी आहेत का? कॅथलिक धर्मपरंपरेचे उत्तर ठामपणे नकारार्थी आहे. उपवासकाळाचा आरंभ, मध्य आणि शेवट ईश्वराच्या प्रेमातच आहे, असे ही परंपरा सांगते. मात्र हे उत्तर स्वतः भाविकांच्याही अनेकदा लक्षात राहत नाही आणि त्यातून या काळाचा अर्थच बदलून जातो.

चाळीस दिवसांचा प्रवास

इंग्रजीत ज्याला ‘लेंट’ म्हणतात, त्याला मराठी भाषक कॅथलिक समाज उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण मानला जातो. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलत असल्याने राखेचा बुधवारही ४ फेब्रुवारी ते १० मार्च या दरम्यान मागेपुढे सरकतो. २०२६ साली ही तारीख १८ फेब्रुवारी, तर २०२७ साली १० फेब्रुवारी अशी येते. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. त्यातील सहा रविवार पुनरुत्थानाचे दिवस असल्याने उपवासात धरले जात नाहीत आणि उरतात ते ४० दिवस. येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाशी ही संख्या जोडलेली आहे. इसवी सन ३२५ मध्ये भरलेल्या निकेया येथील धर्मपरिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो. प्राचीन काळी ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या प्रौढांच्या अंतिम तयारीचा हा काळ होता. पुढे सर्व समाजच त्यांच्यासोबत ही तयारी करू लागला.

कपाळावर लावली जाणारी राख परंपरेने मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. ज्या झावळ्या हातात धरून येशूचा जयजयकार केला, त्याच वर्षभरात वाळून राख होतात आणि कपाळावर येतात. माणसाचा उत्साह किती लवकर सुकतो, याची ही खूण आहे. या काळात धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, वेदीवर फुलांची सजावट नसते आणि ‘आलेलुया’ हा आनंदघोष ईस्टरच्या रात्रीपर्यंत गायला जात नाही.

नियम मात्र समजतात तेवढे कठोर नाहीत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे आहेत. १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या व्यक्तींना तो लागू असतो आणि त्या दिवशी एकदा पूर्ण जेवण व दोनदा अल्पाहार घेता येतो. १४ वर्षे पूर्ण झालेल्यांनी या दोन दिवशी तसेच शुक्रवारी मांसाहार वर्ज्य करावा, अशी अपेक्षा असते. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये काढलेल्या आदेशाने जुने कडक नियम शिथिल केले. बाह्य आचरण कमी केले असले तरी अंतःकरणाच्या परिवर्तनाची जबाबदारी कमी झालेली नाही, उलट ती वाढली आहे, असा त्या आदेशाचा आशय होता.

तयारी कशाची?

१९६९ च्या सुधारणेपूर्वी उपवासकाळाच्या आधी सुमारे तीन आठवड्यांचा एक पूर्वतयारीचा काळ असे. हळूहळू मन वळवण्याची ती पायरी होती. आज ती उरलेली नाही. तयारीची जबाबदारी आता ज्याच्या त्याच्यावर आहे. गोव्यात उपवासकाळाच्या आधीचे चार दिवस कार्निव्हलच्या जल्लोषात जातात. खाऊन-पिऊन, नाचून-गाऊन घ्यावे आणि मग संयमाकडे वळावे, हा त्यामागचा मूळ संकेत. पण कार्निव्हल पर्यटकांचा झाला आणि बुधवार तेवढा भाविकांचा राहिला.

या दिवसांत कॅथलिक घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘यंदा काय सोडायचे?’ कोणी मांसाहार सोडतो, कोणी मद्य, कोणी धूम्रपान, कोणी गोडधोड, तर अलीकडे कोणी मोबाइलवरचा वेळ. हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न आहे : ‘हे कोणासाठी?’ त्याचे उत्तर न शोधता केलेला त्याग एक तर प्रकृती सुधारण्याचा उपाय ठरतो किंवा देवाशी केलेला सौदा. ‘मी इतके सोडले, आता तू इतके दे’ ही वृत्ती सर्व धर्मांतील भाविकांच्या परिचयाची आहे. तिचेच दुसरे रूप अधिक घातक असते. ‘मी इतका पापी आहे की देव मला जवळ करणारच नाही’ या भावनेने कित्येक माणसे वर्षानुवर्षे चर्चपासून दूर राहतात. सौदा करणारा आणि निराश झालेला, दोघेही एकाच समजुतीवर उभे असतात. देवाचे प्रेम किंमत देऊन मिळवायचे असते, ही ती समजूत. एकाला आपण ती किंमत दिली असे वाटते, दुसऱ्याला ती आपल्याला कधीच परवडणार नाही असे वाटते.

होशेयचे दुःख

बायबलच्या जुन्या करारात या समजुतीला तडा देणारा एक संदेष्टा भेटतो. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात होऊन गेलेल्या होशेयची पत्नी त्याच्याशी एकनिष्ठ राहिली नाही. तिला टाकून देण्याचा अधिकार त्याला होता. तरीही तिच्यावर पुन्हा प्रेम करण्याची आज्ञा त्याला झाली. आपल्या या दुःखातच त्याला देवाचे मन उमगले. लोक देवाला सोडून गेले, तरी देव त्यांना सोडू शकत नाही, असे तो सांगू लागला. त्याच ग्रंथात पुढे देव लहान मुलाला बोट धरून चालायला शिकवणाऱ्या, त्याला उचलून घेणाऱ्या पालकाच्या रूपात दिसतो. न्यायाने शिक्षा द्यावी लागेल असे म्हणता म्हणता त्याचेच काळीज हेलावते.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आपल्या पहिल्याच विश्वपत्रात या संदेष्ट्याचा आधार घेतला. ‘देऊस कारितास एस्त’ म्हणजे ‘देव प्रेम आहे’ हे त्यांचे पत्र २५ डिसेंबर २००५ ही तारीख घेऊन जानेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रीक भाषेत प्रेमासाठी असलेल्या दोन शब्दांचा त्यांनी त्यात विचार केला. ‘एरोस’ म्हणजे प्रिय व्यक्तीची ओढ, तिच्यासाठी लागलेली आस, आणि ‘अगापे’ म्हणजे स्वतःला विसरून दुसऱ्याचे हित पाहणारे, देणारे प्रेम. पहिले हीन आणि दुसरे श्रेष्ठ अशी विभागणी करण्याची सवय धार्मिक लेखनात होती. बेनेडिक्ट यांनी ती नाकारली. देवाच्या प्रेमात या दोन्ही बाजू आहेत, असे त्यांनी मांडले. २००७ च्या उपवासकाळासाठी दिलेल्या संदेशात त्यांनी हाच विचार क्रुसापाशी नेला. क्रुसावरचा ख्रिस्त सर्वस्व देतो आणि त्याच वेळी माणसाच्या प्रतिसादाची वाट पाहतो, आपल्या निर्मितीकडून प्रेमाची याचना करतो, असा त्या संदेशाचा गाभा होता. मदर तेरेसा यांनी स्थापन केलेल्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’च्या प्रार्थनागृहांत क्रुसाशेजारी येशूचे तहानेविषयीचे उद्गार लिहिलेले असतात, त्यामागेही हीच जाणीव आहे. ती तहान पाण्याइतकीच माणसाची आहे, असे मदर आपल्या भगिनींना समजावीत.

बापाने अडवलेले वाक्य

येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची कथा ख्रिस्तेतर वाचकांनाही ठाऊक असते. संत लूकच्या शुभवर्तमानातील ही कथा तीन वर्षांच्या वाचनचक्रातील एका वर्षी उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी वाचली जाते. वाटणी घेऊन परदेशी गेलेला धाकटा मुलगा सर्व उधळून बसतो, डुकरे राखण्याची वेळ त्याच्यावर येते आणि भुकेने व्याकूळ होऊन तो घरी परतायचे ठरवतो. वाटेत तो बापापुढे काय बोलायचे याची जुळवाजुळव करतो. त्या भाषणाचे तीन भाग आहेत : मी पाप केले आहे, तुमचा पुत्र म्हणवून घ्यायला मी लायक नाही आणि मला एखाद्या मोलकऱ्यासारखे ठेवा.

बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. मुलगा बोलू लागतो. पहिला भाग होतो, दुसरा होतो, पण तिसरा त्याच्या तोंडून येतच नाही. त्याआधीच बाप चाकरांना उत्तम झगा, अंगठी आणि पायतणे आणायला सांगतो. पापाची कबुली बाप ऐकून घेतो, नोकरीचा अर्ज मात्र ऐकून घेत नाही. मुलाने मजुरी करून घरातली जागा परत मिळवावी, हा व्यवहारच त्याला मान्य नाही.

थोरल्या मुलाची गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. तो घर सोडून कधी गेला नाही, आज्ञा कधी मोडली नाही. तरीही भावाच्या स्वागताची मेजवानी पाहून तो संतापतो आणि इतकी वर्षे राबूनही आपल्याला साधे करडू मिळाले नाही, असा हिशेब मांडतो. धाकटा मजूर व्हायला निघाला होता, थोरला घरात राहूनही मजुरासारखाच जगत होता. बाप दोघांसाठीही घराबाहेर येतो. थोरला आत गेला की नाही, हे कथा सांगत नाही. नियमाने मिस्साला जाणाऱ्या, उपवास पाळणाऱ्या भाविकाला ही कथा अधिक अस्वस्थ करते ती यामुळेच.

भीतीची सावली

चर्चच्या इतिहासातही भीती आणि प्रेम यांचा हा झगडा वारंवार झाला आहे. १६४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉर्नेलियस यान्सेन यांच्या ग्रंथातून युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, एक कठोर विचारप्रवाह पसरला. रोमने १६५३ मध्ये त्यातील प्रमुख विधाने निषिद्ध ठरवली, पण वातावरणातली कडकपणाची छाया लवकर गेली नाही. आपण लायक नाही या धास्तीने लोक कम्युनियन घेण्याचे टाळीत. १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांनी वारंवार, शक्य तर रोज कम्युनियन घ्यावे असे सांगणारा आदेश काढला, तेव्हा हा वाद मिटला.

त्याच्या दहा वर्षे आधी फ्रान्समधील लिझ्यू गावच्या कार्मेल मठात २२ वर्षांच्या एका जोगिणीने वेगळी वाट धरली होती. त्या काळी काही धर्मभगिनी पापी लोकांची शिक्षा आपल्यावर यावी म्हणून देवाच्या न्यायापुढे स्वतःला अर्पण करीत. संत तेरेझा हिने त्यांचा आदर राखला, पण ९ जून १८९५ रोजी स्वतःला अर्पण केले ते देवाच्या दयाळू प्रेमाला. देव देऊ पाहत असलेले प्रेम कोणी घेतच नाही, तेव्हा आपण ते घ्यावे, अशी तिची भूमिका होती. याचा अर्थ तिने तपश्चर्या सोडली असा नव्हे. १८९६ चा उपवासकाळ तिने पूर्ण कडक उपवासाने पाळला आणि त्याच काळात, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री, तिच्या क्षयरोगाचे पहिले लक्षण प्रकट झाले. ३० सप्टेंबर १८९७ रोजी वयाच्या २४ व्या वर्षी तिचे निधन झाले. शेवटच्या महिन्यांत तिची श्रद्धाही दाट अंधारातून गेली. प्रेम आधी आणि तप नंतर हा क्रम तिने त्या अंधारातही मोडला नाही. १९९७ मध्ये चर्चने तिला आचार्यपद दिले.

मग प्रायश्चित्त कशाला?

देवाचे प्रेम आधीच मिळाले असेल, तर उपवास, पापनिवेदन, क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने यांची गरज काय, असा प्रश्न साहजिकच उरतो. त्याचे उत्तर प्रेमाच्या स्वभावातच आहे. ज्याच्यावर कोणाचेच प्रेम नाही त्याला आपल्या चुकीची शिक्षेपुरती भीती वाटते. ज्याच्यावर कोणी मनापासून प्रेम करते, त्याला आपल्या हातून त्या व्यक्तीचे मन दुखावले याचे दुःख होते. पश्चात्ताप म्हणजे हे दुःख. पापाची भरपाई करून प्रेम विकत घेणे म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. मिळालेल्या प्रेमाला आपल्या जीवनात जागा करून देणे, हा त्याचा अर्थ. त्यासाठी आधी अडगळ काढावी लागते.

राखेच्या बुधवारी वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तीन आचारांविषयी येशूची ताकीद आहे. हे सर्व गुप्तपणे करावे, उपवासाच्या दिवशी चेहरा उतरलेला ठेवू नये, उलट तोंड धुऊन डोक्याला तेल लावावे, असे तो सांगतो. त्याच मिस्सेत कपाळावर सर्वांना दिसेल अशी राख लावली जाते. हा विरोधाभास भाविकाला सावध करण्यासाठीच आहे. राख लोकांनी पाहावी म्हणून मिरवायची नाही. आपण नश्वर आहोत आणि तरीही कोणाला तरी हवेसे आहोत, हे स्वतःला सांगण्यासाठी ती आहे.

बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील वाचन होते. त्याचा आशय थेट आहे. मान खाली घालून, गोणपाट नेसून, राखेत बसून केलेला उपवास देवाला नको आहे. अन्यायाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे, बेघराला घरात घेणे हा त्याला आवडणारा उपवास आहे. म्हणून उपवासातून वाचलेला पैसा गरिबांकडे गेला पाहिजे, ही चर्चची जुनी शिकवण आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेली ‘कॅरिटस इंडिया’ ही संस्था उपवासकाळात भूक आणि आजार यांविरुद्ध मदतीची मोहीम चालवते, ती याच भावनेने. पोप फ्रान्सिस यांनी २४ ऑक्टोबर २०२४ रोजी येशूच्या हृदयातील प्रेमाविषयी ‘दिलेक्सित नोस’ हे विश्वपत्र दिले. २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांचे निधन झाले. त्यांचे उत्तराधिकारी पोप चौदावे लिओ यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘दिलेक्सी ते’ हे आवाहनपत्र प्रसिद्ध केले. त्याचा विषय आहे गरिबांवरील प्रेम. देवाच्या प्रेमाचे बोलणे गरिबाच्या दारापर्यंत पोहोचले नाही तर ते पोकळ ठरते, हा या दोन्ही पत्रांना जोडणारा दुवा आहे.

अन्नत्यागापेक्षा अवघड असलेला एक त्याग या यादीत अनेकदा राहून जातो. तो म्हणजे मनात धरलेला राग सोडणे. मालमत्तेच्या वाटणीवरून अबोला धरलेली भावंडे, सून आणि सासू, एकाच इमारतीत राहून एकमेकांकडे न पाहणारे शेजारी यांच्यासाठी चाळीस दिवस मांसाहार सोडणे सोपे असते. समोरच्याच्या घराची घंटा वाजवणे कठीण असते. ज्याला न मागता क्षमा मिळाली, त्याने ती अडवून धरू नये, हीच या काळाची सर्वांत कडक अट म्हणावी लागेल.

मराठी मातीतील सूर

या विचाराला मराठीतही जुने घर आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी ओवी छंदात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात येशूच्या दुःखसहनाची कथा मराठी कानांना परिचित अशा लयीत आली. पुढे चार शतकांनी वसईच्या भूमीतून आलेल्या बिशप थॉमस डाबरे यांनी संत तुकारामांच्या ईश्वरानुभूतीचा सखोल अभ्यास केला. तो १९८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा तेच त्याचे पहिले बिशप झाले. ‘सुबोध बायबल’मधून शास्त्रवचने आजच्या मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. देवाला माउली म्हणून हाक मारणाऱ्या भाषेत धावत येणाऱ्या बापाची कथा परकी वाटत नाही, याचे श्रेय अशा भाषासेवकांनाही आहे.

उपवासकाळ पवित्र गुरुवारी संध्याकाळी संपतो. त्या मिस्सेत धर्मगुरू गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतात, कारण येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले होते. २८ मार्च २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला. ज्यांचे पाय त्यांनी धुतले त्यांत मुली होत्या आणि मुस्लिमही होते. त्यांच्यापैकी कोणीही त्यासाठी आधी काही सिद्ध करून दाखवले नव्हते. येशूने ज्यांचे पाय धुतले, त्यांत काही तासांतच त्याला नाकारणारा पेत्र होता आणि त्याला धरून देणारा यहूदाही होता. कपाळावरची राख धुऊन निघाल्यानंतर चाळीस दिवस काय लक्षात ठेवायचे, असा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्यासाठी एवढे पुरेसे आहे.